पातेलं कशाला फेकता?

‘भंगार’ हा शब्द उच्चारायला हल्ली आपल्याला फार कमी वेळ लागतो, ही माझी तक्रार आहे. पूर्वी घरातली वस्तू भंगारात काढायची म्हणजे तिची रीतसर चौकशी व्हायची. बादली गळू लागली तर तिला डाग देत. तो निसटला तर दुसरा देत. दोन डागांनंतरही गळली, तर तिच्यात माती भरून तुळस लावत. छत्रीचं तर विचारूच नका. काड्या बदलल्या, कापड बदललं, मूठसुद्धा बदलली, तरी ती छत्री शेवटपर्यंत आजोबांचीच! आता मात्र चारचौघांत जुना लॅपटॉप उघडायची सोय राहिलेली नाही. तो सुरू व्हायला तीन मिनिटं लागली, की तेवढ्या वेळात बसलेल्यांपैकी एक जण त्याच्या मृत्यूचा दाखला लिहून मोकळा होतो. “काकाजी, भंगार झालं हे आता. नवा घेऊन टाका!”

‘घेऊन टाका’ हे क्रियापद ऐकलंत? बाजारातून कोथिंबिरीची जुडी आणावी, तशी सहजता आहे त्यात. आणि गंमत अशी, की त्यातच ‘टाका’ही आहे. आज घेऊन टाका, पाच वर्षांनी टाकून द्या, की पुन्हा घेऊन टाका. पैसे कुठून टाकायचे, एवढंच तेवढं कोणी सांगत नाही.

माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. ते मी वाशीमच्या पाटणी चौकात चहा पिता पिता इतक्यांदा मांडलं आहे, की हल्ली मी येताना दिसलो की दोघे-तिघे अर्धा कप तसाच ठेवून उठतात. म्हणून आता छापूनच काढतो. म्हणणं एवढंच, की जो लॅपटॉप चालू होतो, ज्याचा पडदा दिसतो आणि ज्याची बटणं दाबली की अक्षरं उमटतात, तो भंगार नव्हे. त्याच्यातली ऑपरेटिंग सिस्टिम निकामी झाली असेल. ती काढावी, पेनड्राइव्हवरून दुसरी घालावी आणि यंत्र पुन्हा कामाला जुंपावं. हे न करता जो चालता लॅपटॉप भंगारवाल्याला देतो, तो कल्हई उडाली म्हणून पितळेचं पातेलं उकिरड्यावर फेकणारा माणूस आहे. मग तो कितीही शिकलेला असो.

या वादाला एक तारीख आहे: १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचा फुकट मिळणारा सांभाळ संपला. ही सिस्टिम २०१५ साली आली होती. दहा वर्षं तिला नियमाने दुरुस्त्या मिळत गेल्या, आणि दहा वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. आपल्याकडे पुलालासुद्धा एवढी माया मिळत नाही. पुढे घरगुती वापर करणाऱ्यांसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढही जाहीर झाली. पण मुदतवाढ ती मुदतवाढच. पीककर्जामुळे तिचा स्वभाव आमच्या जिल्ह्याला चांगला ठाऊक आहे.

बरं, जुनीच्या जागी नवी घ्यावी, तर विंडोज ११ वाटेल त्या घरात पाऊल टाकत नाही. ती २०२१ च्या ऑक्टोबरात आली, ती अटी घेऊनच. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर ठरलेल्या यादीतला लागतो. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. माझा लॅपटॉप २०१४ सालचा, चौथ्या पिढीचा. स्थळ बघताना लोक सात पिढ्यांची चौकशी करतात हे मला ठाऊक होतं; इथे सात पिढ्यांनीही भागत नाही, आठवी लागते. तर अवस्था अशी झाली, की जुनीचा सांभाळ संपलेला, नवी उंबरठा ओलांडायला तयार नाही आणि मधल्यामध्ये लॅपटॉप मात्र धडधाकट.

मी तो गावातल्या एका दुकानात दाखवायला नेला. दुकानातला पोरगा हुशार दिसला. त्याने विचारलं, “किती सालचा हाये काकाजी?”

“चौदा.”

त्याने लॅपटॉप न उघडताच माझ्याकडे परत सरकवला. “मंग उघडू कायले? ह्याचं काही होत नसते आता. एक्स्चेंजमधी टाका. हजार-बाराशे भेटून जातीन.”

“अरे, पण तो चालतो.”

“चालते हो, पण सपोर्ट नाही ना त्याले!”

“बाबा रे,” मी म्हटलं, “सपोर्ट मलाही कोणी देत नाही. मग मलाही एक्स्चेंजमधे टाकतोस का?”

त्याने माझ्याकडे एकदा आपादमस्तक पाहिलं. मनातल्या मनात किंमत करत असावा.

त्या पोराचा मला राग नाही. दुकान नव्या मालावर चालतं, आणि दुपारभर एका म्हाताऱ्या यंत्रापुढे बसून त्याला शंभर-दोनशे रुपये सुटणार असतील, तर त्याने तरी का बसावं? माझा राग आहे तो मागे बाकावर बसून माना डोलावणाऱ्या गिऱ्हाइकांवर. त्यातल्या एकाच्या पायात दोनदा तळ बदललेली चप्पल होती. दुसऱ्याच्या मोटारसायकलला इतके सुटे भाग नवे घातले होते, की मूळ गाडी फक्त नंबरप्लेटपुरती उरली असावी. चपलेला तळ लावणारी, गाडीचं इंजिन खोलणारी, विहिरीवरच्या मोटारीचं वाइंडिंग तिसऱ्यांदा भरून घेणारी ही माणसं लॅपटॉपपुढे आली, की एकदम राजेमहाराजे का होतात, हे मला कळत नाही.

त्याचं कारण बहुधा ‘सपोर्ट संपला’ या शब्दांत आहे. हे शब्द ऐकले, की आता लॅपटॉप टेबलावरून धाडकन खाली कोसळणार असं लोकांना वाटतं. आमच्याच जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती आहे. ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. अशा जिल्ह्यातल्या माणसांनी तरी आधार गेल्याच्या नुसत्या बातमीने एवढं घाबरू नये!

तरी भीती अगदीच खोटी नाही, हेही सांगितलं पाहिजे. ज्यांनी पितळेच्या भांड्यांत स्वयंपाक केला आहे त्यांना हे चटकन कळेल. पातेल्याची कल्हई उडाली, की त्यात ठेवलेलं ताक कळकतं आणि ते पोटात जाणं बरं नव्हे. तसंच दुरुस्त्या मिळणं बंद झालेल्या सिस्टिमवर बँकेचे व्यवहार करणं बरं नव्हे. तिच्यात नवी भोकं सापडत राहतात आणि ती बुजवायला कोणी येत नाही. ‘मला काय होतंय? माझ्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?’ असं म्हणणाऱ्यांच्याच खात्यातून पैसे जातात. तेव्हा कल्हई गेलेल्या भांड्यात रोज शिजवा, असं मी म्हणत नाही. पण म्हणून आपल्या आज्यांनी कधी पातेली फेकली का? त्या कल्हईवाल्याची वाट पाहत. तो येई, अंगणात भाता मांडी, कथील आणि नवसागर काढी, आणि अर्ध्या तासात पातेलं चांदीसारखं करून देई. पातेल्याचं वय त्याने कधी विचारलं नाही. यंत्र असुरक्षित आहे आणि यंत्रातली सिस्टिम असुरक्षित आहे, ही दोन निराळी वाक्यं आहेत. नवं यंत्र विकणाऱ्याच्या तोंडी ती एक होतात, एवढंच.

आजचा कल्हईवाला पेनड्राइव्हच्या रूपाने येतो. ‘ते आपलं काम नव्हे हो, त्याला इंजिनिअर लागतो,’ असं म्हणणाऱ्या मंडळींसाठी ही कल्हई कशी होते ते इथे सांगतो. यात कुठे इंजिनिअर लागला, तर मला दाखवा.

आधी घरातलं सामान बाहेर काढायचं. फोटो, कागदपत्रं, मुलीच्या लग्नाची चित्रफीत, सातबारा, जे काही असेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवायचं. इथे आळस नको. पुढे सगळं पुसलं जाणार आहे. मग लिनक्स मिंटसारखी एखादी सिस्टिम तिच्या अधिकृत ठिकाणावरून उतरवून घ्यायची. मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती आहे, ती चार जीबी मेमरीच्या म्हाताऱ्या यंत्राला झेपते. ही सुमारे तीन जीबीची एकच फाइल असते, तिला आयएसओ म्हणतात. आठ जीबीचा पेनड्राइव्ह तिला पुरतो.

आता यातली एकुलती एक मेख. ती फाइल पेनड्राइव्हवर नुसती नेऊन ठेवायची नसते. आमच्या शेजारच्या गुरुजींनी ती भजनं भरावीत तशी भरली आणि लॅपटॉप ती वाजवत नाही म्हणून तीन दिवस चिडून बसले. रूफस नावाचं एक लहानसं फुकट साधन आहे. ते त्या फाइलीचं पोट उघडून पेनड्राइव्हवर अशा रीतीने लिहितं, की लॅपटॉपला त्यावरून जागं होता येतं. नारळ नुसता पिशवीत ठेवला म्हणून खोबरं मिळत नाही, तो फोडावा लागतो, तसंच हे. (पेनड्राइव्हवर आधीचं जे असेल ते यात पुसलं जातं. गुरुजींची भजनं तशीच गेली.)

मग पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा आणि तो आपल्या जुन्या सवयीने डिस्ककडे वळण्याआधी एक बटण दाबून त्याला अडवायचं. हे बटण कोणाकडे एफ-१२ असतं, कोणाकडे एफ-९, कोणाकडे एस्केप. सगळ्या कंपन्यांनी एकत्र बसून एक बटण ठरवावं, असं त्यांना कधीच का वाटलं नसेल, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पडद्यावर यादी येते, त्यातून पेनड्राइव्ह निवडायचा.

यापुढचा चमत्कार मात्र आपल्या लोकांना समजावून सांगायला अगदी सोपा आहे. लॅपटॉपच्या अंगात येतं! डिस्कवरच्या जुन्या सिस्टिमला धक्काही न लावता पेनड्राइव्हमधली सिस्टिम त्या देहातून बोलू लागते. पडदा तिचा, चिन्हं तिची, चाल तिची. पेनड्राइव्हवरून चालत असल्यामुळे थोडी सावकाश चालते, एवढंच. या अवस्थेत इंटरनेट लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळख दाखवतो का, हे सगळं बघून घ्यायचं. नाही पटलं, तर बंद करून पेनड्राइव्ह काढा. अंगातलं उतरतं आणि लॅपटॉप पूर्ववत आपल्या घरी. महिनाभर भाडं आगाऊ न मागता ‘आधी चार दिवस राहून बघा’ म्हणणारा घरमालक तुम्हाला वाशिमात भेटला असेल, तर मला पत्ता कळवा.

पटलं, तर ‘इन्स्टॉल’ असं लिहिलेल्या चिन्हावर टिचकी मारायची. भाषा कोणती, कळपाट कोणता, गाव कोणतं, नाव काय, असे प्रश्न येतात. जनगणनेवाल्यांपेक्षा कमीच. त्यातला एकच प्रश्न गंभीर असतो: डिस्क संपूर्ण पुसू का? तिथे हात क्षणभर थांबवून, सामान खरंच बाहेर काढलं आहे ना, याची खात्री करून मग ‘हो’ म्हणायचं. त्यानंतर अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात चहा करून पिता येतो. फक्त पहिल्या वळवाच्या संध्याकाळी हे मांडू नका. जुन्या लॅपटॉपची बॅटरी नावापुरती असते, आणि मध्येच लाइन गेली तर सगळं पहिल्यापासून.

झालं. एवढंच. यात कुठे इंजिनिअर आला? पुरणपोळी याहून अवघड आहे, आणि ती करताना ‘डिस्क पुसू का’ असं कोणी विचारतसुद्धा नाही.

यानंतरचा आक्षेप फार मजेशीर असतो. “हे फुकट आहे म्हणता? मग नक्कीच काहीतरी गडबड आहे.” लग्नाच्या पंगतीत ‘फुकट ते पौष्टिक’ या तत्त्वाने चौथा गुलाबजाम घेणारे गृहस्थ इथे एकदम अर्थशास्त्री होतात. तर त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनी जाहीर केलं, की जी प्रत्येकाला वापरता, उघडून पाहता, सुधारता आणि दुसऱ्याला देता येईल, अशी सिस्टिम आपण लिहिणार. १९९१ च्या ऑगस्टात हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण हौसेखातर एक सिस्टिम लिहीत असल्याचं जगाला कळवलं. या दोन कामांचा मेळ बसला आणि पुढे हजारो माणसांनी त्यात हात लावला; काहींनी हौसेने, काहींनी मोठमोठ्या कंपन्यांच्या पगारावर. ज्यांना हे फुकट म्हणून हलकं वाटतं, त्यांच्या खिशातला अँड्रॉइड फोन याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी निघते. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती पाचशेच्या पाचशे लिनक्सची झाली. तेव्हा ‘फुकटचं ते, टिकेल का?’ ही चिंता आपण सोडावी. आणि देवनागरी? ती लिहिता येते, इनस्क्रिप्टचा कळपाट सिस्टिमबरोबरच मिळतो, लिब्रेऑफिसमध्ये पत्रं लिहिता येतात, हिशेबाचे तक्ते करता येतात. मिंटची २२ वी आवृत्ती तर २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. म्हणजे २०१४ च्या लॅपटॉपला पंधरा वर्षांचं आयुष्य. तोवर माझे डोळे टिकले म्हणजे मिळवलं.

आता ‘घेऊन टाका’चा हिशेब करू. बरा नवा लॅपटॉप चाळीस हजारांना धरा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा सरकारी हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे एक लॅपटॉप बरोबर साडेसात क्विंटल सोयाबीन. हे हमीभाव हातात पडला तर. आणि तो पडतो की नाही, हे रिसोडच्या किंवा मंगरुळपीरच्या बाजारात उभं राहून ज्याने पाहिलं आहे, त्याला मी काय सांगणार? पुण्या-मुंबईच्या माणसाने ‘घेऊन टाका’ म्हणावं. त्याचं सोयाबीन कढईत तेल होऊनच भेटतं. आमच्या जिल्ह्यात बारावीतल्या पोराला लॅपटॉप हवा असतो, आणि कपाटात पडलेल्या दादाच्या लॅपटॉपला ‘भंगार’ म्हणून सगळे मोकळे झालेले असतात. साडेसात क्विंटल एका बाजूला आणि आठ जीबीचा पेनड्राइव्ह दुसऱ्या बाजूला. यातलं कुठलं घ्यायचं, हे कळायला पदवी लागू नये. अगदीच जीव रमला, तर जुनी फिरती डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवावी. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या लहानशा भागात यंत्राची चाल पार बदलते.

खरं म्हणजे हे तत्त्व वाशीमकरांना मी शिकवायचं कारण नाही. आमचा जिल्हाच मुळी नव्याने इन्स्टॉल झालेला आहे. इंग्रजांच्या काळात ‘बासीम’ नावाचा जिल्हा होता. १९०५ साली तो मोडीत काढला. वाशीम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले, पुसद यवतमाळच्या बाजूला गेलं. मग ९३ वर्षांनी, १ जुलै १९९८ ला, वाशीम पुन्हा जिल्हा झाला. पार्टिशन थोडं बदललं, पण जमीन बहुतेक तीच, माणसं तीच, धूळही तीच. कारभार फक्त नवा. ‘हे गाव वाकाटकांच्या काळातलं, वत्सगुल्म म्हणून राजधानी होती तेव्हापासूनचं, फार जुनं झालं; आता नवीनच गाव घेऊन टाका,’ असं त्या वेळी कोणी म्हणालं नाही.

तीच गोष्ट आमच्या कारंज्यावरून जाणाऱ्या शकुंतलेची. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी ही अरुंद रुळांची गाडी. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेलं वाफेचं इंजिन तिला १९२३ पासून ओढत होतं, ते थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत. सत्तर वर्षं! आणि त्या दिवशी काय केलं? वाफेचं इंजिन सोडवलं आणि डिझेलचं जोडलं. रूळ तेच, स्टेशनं तीच. गाडीत बसलेल्या म्हातारीला कळलंसुद्धा नसेल. डोळ्यात कोळसा जाईना, एवढाच काय तो फरक. पुढे ती गाडीच बंद पडली, ते दुःख वेगळं. पण इंजिन बदललं म्हणून रूळ उखडायचे नसतात, एवढा धडा ती देऊन गेली.

एवढं बोलल्यावर जिथे माझं म्हणणं चालत नाही, त्या जागाही सांगतो; नाहीतर उद्या कोणी व्यापारी मला चौकात गाठायचा. ज्याचं दुकान टॅलीवर चालतं, त्याने यात पडू नये, टॅली विंडोजवरची. जे छपाईवाले श्रीलिपीत लग्नपत्रिका जुळवतात, त्यांनीही नको. काही लॅपटॉपांचं वायफाय सुरुवातीला रुसतं आणि त्याची मनधरणी करावी लागते. म्हणून तर आधी अंगात आणून बघायचं. आणि अगदी पुराण्या, ३२ बिटी यंत्रांना लिनक्सचं घरही आता आखडतं होत चाललं आहे. डेबियनसारख्या उदार मंडळींनीसुद्धा २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. पातेल्यालाच भोक पडलं, तर कल्हईवाला काय करणार? पण भोक आहे का, हे पाहायला पातेलं हातात तरी घ्यावं लागतं. आपण दुरूनच साल विचारतो.

आणि हा प्रश्न काही माझ्या-तुमच्या टेबलापुरता नाही. कुठल्याही शाळेत किंवा कचेरीत जा. एका खोलीला कुलूप असतं, आत प्लॅस्टिकच्या बुरख्याखाली संगणकांची रांग असते, आणि डेड स्टॉक रजिस्टरात त्यांची नावं शाबूत असतात. विचारलं, तर उत्तर येतं, “ते जुने झाले सर, निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवला आहे.” निर्लेखन! केवढा भारदस्त शब्द! वस्तू मेली की नाही हे न पाहता तिची तेरावी उरकण्याला सरकारी भाषेत निर्लेखन म्हणतात. केरळच्या सरकारी शाळा गेली सुमारे दोन दशकं लिनक्सवर मुलांना संगणक शिकवत आहेत. आपल्या देशाची स्वतःची ‘बॉस’ नावाची लिनक्स-सिस्टिम सी-डॅकने २००७ साली काढली, आणि या सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे. म्हणजे औषध महाराष्ट्रात, वैद्य महाराष्ट्रात, आणि रोगी मात्र बुरखा पांघरून कुलपात.

२०१८ साली केंद्र सरकारने देशातले ‘आकांक्षित’ जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते आणि वाशीम त्यातला एक. आकांक्षा चांगलीच आहे. पण नवे संगणक येतील तेव्हा येतील, ही आकांक्षा झाली. असलेले संगणक पुढच्या सोमवारी सुरू होतील, हा कारभार झाला. जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला, असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने मोजलं; रीतसर गोळा होऊन त्याचं पुनर्चक्रण झालं ते पाव हिश्शाहूनही कमी. त्या ढिगात आपल्या शाळेतले चालते दहा संगणक घालून आपण कुणाचं भलं करणार आहोत?

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. तिला अनुदान लागत नाही, मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही. निर्लेखनाच्या छापील नमुन्यात फक्त एक रकाना वाढवावा: ‘पेनड्राइव्ह लावून पाहिला काय? होय / नाही.’ आणि जिथे ‘नाही’ असेल, तिथे साहेबांनी सही करू नये. घरच्या निर्लेखनाला छापील नमुना नसतो. तिथे बाराव्या वर्षीही सुरू होणारा लॅपटॉप भंगारवाल्याच्या तराजूत ठेवण्याआधी हाच प्रश्न घरातल्या कोणीतरी मोठ्याने विचारावा.

भंगारवाला थांबेल. त्याला घाई नसते. घाई आपल्यालाच असते.